कोर्टाचं नाटक बसवायचं तर आधी खटला बसवा

कोर्टाचं नाटक हौशी संस्थांना स्वस्त वाटतं. एकच सेट, काळे कोट, एक लांब टेबल, एक पिंजरा. नाटक ठरलं की पहिल्याच आठवड्यात सुताराला फोन जातो, कोट भाड्याने बघितले जातात आणि वकिलाचं काम करणारा घरी आरशासमोर शेवटचं भाषण घोकायला लागतो. खटल्यात नेमकं काय घडलं, कोणी काय पाहिलं, कोणता कागद कोणाच्या हातात केव्हा गेला, हे मात्र रंगीत तालमीपर्यंत कोणालाच धड सांगता येत नाही. प्रयोग पडतो तो इथे, भाषणात नाही.

खालचा क्रम दोन अंकी, खुनाचा खटला असलेलं, सत्र न्यायालयात घडणारं नाटक धरून लिहिला आहे. तालमीच्या ४५ संध्याकाळ, रोज अडीच तास, आणि ३० फूट रुंद, २० फूट खोल रंगमंच. तुमचं नाट्यगृह लहान असेल तर मापं कमी करा, क्रम बदलू नका.

## १. परवानग्या: तालीम सुरू होण्याआधी

लेखकाची किंवा हक्कदाराची लेखी परवानगी घ्या. त्यात प्रयोगांची संख्या, मानधन आणि संहितेत काटछाट करायची मुभा या तिन्ही गोष्टी स्पष्ट हव्यात. कोर्टाच्या नाटकाला कात्री लागतेच, त्यामुळे तिसरी गोष्ट विसरू नका. संहितेला रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र आहे का ते बघा. असेल तर त्याची प्रत फाईलला लावा, नसेल तर संहिता लगेच पाठवा. कलमं, धर्म, जात, पोलीस कोठडी असे विषय असलेल्या संहितेवर प्रश्न येऊ शकतात. महिन्या-दीड महिन्याची सवड ठेवा.

जपा: प्रमाणपत्र मिळालेल्या संहितेत नंतर नवा प्रवेश घुसवला तर ते प्रमाणपत्र त्या प्रवेशाला लागू होत नाही. बदल आधी, अर्ज नंतर.

## २. खटल्याची फाईल: पहिल्या सहा संध्याकाळ

या सहा दिवसांत कोणी उभं राहून काम करायचं नाही. टेबलाभोवती बसून संहितेतून खटला वेगळा काढायचा. एक साधी बॉक्स फाईल घ्या आणि तिच्यात पाच गोष्टी तयार करा.

पहिली, घटनेचं वेळापत्रक. संहितेत आलेली प्रत्येक वेळ, तारीख, वार एका कागदावर उतरवा. तारीख दिलेली असेल तर पंचांग उघडून बघा. साक्षीदार "टिपूर चांदणं होतं" म्हणतो आणि तारीख निघते अमावास्येच्या दुसऱ्या दिवसाची, अशा चुका संहितांमध्ये असतात, आणि तिसऱ्या रांगेत बसलेल्या एखाद्या निवृत्त मास्तरांना त्या हमखास सापडतात.

दुसरी, घटनास्थळाचा नकाशा. वाड्याची गॅलरी, जिना, दिवा, खोलीचं दार, त्यातली अंतरं. सगळ्या नटांच्या डोक्यात एकच नकाशा हवा. नाहीतर एक साक्षीदार जिना डावीकडे दाखवतो, दुसरा उजवीकडे, आणि प्रेक्षकाला वाटतं की हाच खटल्यातला धागा आहे.

तिसरी, साक्षीदारांचा तक्ता. चार रकाने पुरतात: काय पाहिलं, काय ऐकलं, काय फक्त समजून चाललाय, काय लपवतोय. चौथा रकाना रिकामा राहिला तर त्या नटाला साक्षीत करण्यासारखं काही उरत नाही. लेखकाने दिलं नसेल तर दिग्दर्शकाने द्यावं, पण फक्त त्या नटाला. बाकीच्यांना कळू देऊ नका.

चौथी, निशाण्यांची यादी. कोर्टात दाखल झालेल्या प्रत्येक कागदाला क्रमांक असतो. पंचनामा निशाणी १२, शवविच्छेदनाचा अहवाल निशाणी १५, असे क्रमांक ठरवून टाका. ते पुढे विसरण्यावरचा उतारा म्हणून कामाला येतात, कसे ते सहाव्या टप्प्यात.

पाचवी, कलमं. गुन्हा १ जुलै २०२४ च्या आधीचा दाखवला असेल तर खुनासाठी भारतीय दंड संहितेचं कलम ३०२. त्या दिवसापासून पुढचा असेल तर भारतीय न्याय संहितेचं कलम १०३. जुनं नाटक "आजच्या काळात" आणताना मोबाइल येतो, ३०२ तसंच राहतं. निदान घटनेचं साल तरी नक्की करा.

तपासा: सहाव्या संध्याकाळी शिपायाचं काम करणाऱ्याला उभं करा आणि पाच मिनिटांत अख्खा खटला सांगायला लावा. त्याला जमलं तर सगळ्यांना जमलं.

## ३. कोर्टात जाऊन बसा

जिल्हा न्यायालयातलं कामकाज सर्वसाधारणपणे खुलं असतं. बंद दाराआड चालणारे खटले सोडले तर मागच्या बाकावर कोणीही शांत बसू शकतो. दोघा-तिघांच्या गटाने जा. फोन बंद ठेवा, फोटो आणि ध्वनिमुद्रण अजिबात नको. भाषणं ऐकायला जाऊ नका, ती फारशी नसतातच. पट्टेवाला पुकारा कसा करतो, साक्षीदार पिंजऱ्यात चढल्यावर हात कुठे ठेवतो, न्यायाधीश उत्तर ऐकून लघुलेखकाला कसं सांगतात, विरुद्ध बाजूचा वकील त्या वेळात काय करतो, ते बघा.

परत आल्यावर संहिता या चुकांसाठी चाळा:

- हातोडा. भारतीय न्यायाधीश हातोडा आपटत नाहीत. तो चित्रपटातून आला. काढून टाका. पेन खाली ठेवून वर बघणारा न्यायाधीश जास्त दरारा निर्माण करतो.
- गीतेवर हात. १९६९ च्या शपथ कायद्यात धर्मग्रंथाची गरज नाही. ईश्वरसाक्ष शपथ किंवा प्रतिज्ञा, दोन्ही चालतात. कोणता साक्षीदार "ईश्वरसाक्ष" म्हणतो आणि कोण "प्रतिज्ञेवर" म्हणतो, यातून स्वभाव दाखवता येतो.
- ज्युरी. परदेशी नाटकाचं रूपांतर असेल तर हा गोंधळ होतोच. १९५९ च्या मुंबईतल्या नानावटी खटल्यात नऊ जणांची ज्युरी होती, त्यामुळे त्या काळातल्या मुंबईत ज्युरी बसवता येते. आजच्या नाशकात किंवा साताऱ्यात नाही. मग मूळ देशच ठेवा, ते जास्त प्रामाणिक.
- पोलिसांसमोरचा कबुलीजबाब. "त्याने ठाण्यात गुन्हा कबूल केला" एवढ्यावर शिक्षा होत नाही. पोलिसांपुढची कबुली आरोपीविरुद्ध पुरावा धरली जात नाही. नाटकाचा कळस यावर उभा असेल तर लेखकाशी बोला.
- सरतपासात, म्हणजे आपल्याच साक्षीदाराच्या तपासणीत, सूचक प्रश्न. आपल्याच साक्षीदाराला "तुम्ही आरोपीला पळताना पाहिलंत ना?" असं विचारलं की समोरच्याने हरकत घ्यायलाच हवी. उलटतपासात हाच प्रश्न चालतो. हा फरक नटांना कळला की दोन्ही तपासांची लय आपोआप वेगळी होते.
- साक्षीआधीच कोर्टात बसलेला साक्षीदार. साक्ष व्हायच्या साक्षीदाराला बाहेर थांबवतात. गर्दी दिसावी म्हणून दुसऱ्या अंकातला साक्षीदार पहिल्या अंकात बाकावर बसवू नका.
- अचानक उगवलेला साक्षीदार. येऊ शकतो, कारण कोर्टाला कोणालाही बोलावण्याचा अधिकार आहे. पण वकिलाचा एका ओळीचा अर्ज आणि न्यायाधीशांचं "मंजूर" तेवढं हवं.

आता काय सोडायचं. साक्ष टंकलिखित होईपर्यंतचं थांबणं, तारखा, कागद शोधणं हे सगळं खरं असलं तरी रंगमंचावर मरतं. वकील आपल्या जागेवरूनच प्रश्न विचारतो हेही खरं. तरी प्रत्येक वकिलाला अख्ख्या नाटकात एकदा, फक्त एकदा, पिंजऱ्याजवळ जाऊ द्या. ती चाल राखून ठेवलेली असली की प्रेक्षागृह गप्प होतं.

## ४. पात्रनिवड

न्यायाधीशाचं काम "संवाद कमी आहेत, बसूनच आहे" म्हणून संस्थेच्या ज्येष्ठांना दिलं जातं, आणि ज्येष्ठ तालमीला आठवड्यातून एकदा येतात. सर्वांत महागात पडणारी चूक हीच. न्यायाधीश पूर्ण वेळ रंगमंचावर असतो आणि बाकीच्यांच्या नजरा त्याच्याकडे लागलेल्या असतात. रोज येणारा माणूस द्या. नियम एवढाच: न्यायाधीश आणि आरोपी या दोघांना गैरहजेरीची सवलत नाही.

सरकारी वकिलाला आवाजापेक्षा पाठांतर पक्कं हवं, बचावाच्या वकिलाला ऐकायची सवय हवी. आरोपीसाठी संस्थेतला सर्वांत चांगला ऐकणारा नट घ्या, देखणा नव्हे.

## ५. जमिनीवर नकाशा: सातवी ते नववी संध्याकाळ

खरं कोर्ट जसंच्या तसं मांडलं की प्रेक्षकांना वकिलांच्या पाठी दिसतात, कारण न्यायाधीश समोर, मध्यभागी, आणि सगळे त्यांच्याकडे तोंड करून. त्यामुळे अख्खं कोर्ट तिरकं फिरवावं लागतं. तालमीच्या हॉलमध्ये रंगीत चिकटपट्टीने हा नकाशा आखा. बाजू प्रेक्षकांच्या धरल्या आहेत.

न्यायाधीशांचा चौथरा मागे, मध्यापासून थोडा उजवीकडे, डावीकडे वळलेला. ६ बाय ४ फुटांच्या दोन लेव्हल (लाकडी पोकळ चौथरे) जोडून ८ बाय ६ फुटांची जागा मिळते. उंची १८ इंच, मागून ९ इंचांची एक पायरी. उंची वाढवायचा मोह टाळा. १८ इंचांवर खुर्चीत बसलेल्या न्यायाधीशाचे डोळे उभ्या वकिलापेक्षा किंचित वर येतात, तेवढं पुरतं. तीन फुटांवर नेलं तर वकिलाला मान वर करावी लागते, आवाज छताकडे जातो आणि न्यायाधीशाचं डोकं झालरीत.

साक्षीदाराचा पिंजरा डावीकडे, पडद्याच्या रेषेपासून ८ फूट आत, पुढच्या बाजूला वळवून. आकार ३ बाय ३ फूट, तळ ६ इंच, कठडा ३४ इंच. कठड्याला प्लायवूड मारू नका, एक इंची उभ्या पट्ट्या ठेवा. साक्षीदाराचे पाय दिसले पाहिजेत, खोटं बोलणारा माणूस आधी पायाने बोलतो.

वकिलांचं एकच लांब टेबल उजवीकडे, पडद्याला काटकोनात, १० फूट आत. दोन्ही वकील त्याच्या उजव्या अंगाला बसतील, म्हणजे चेहरे बाजूने दिसतात. दोन वेगळी टेबलं ही परदेशी चित्रपटांची सवय. आरोपीची जागा उजव्या विंगेजवळ, पुढे, पडद्यापासून ४ फुटांवर, ठेंगणा बाक आणि हलका कठडा. यामुळे साक्षीदार आणि आरोपी एकाच नजरेत येतात. बचावाच्या प्रश्नावर प्रेक्षक आधी साक्षीदाराकडे आणि मग आरोपीकडे बघतो. मान वळवायला अर्धा सेकंद लागतो. तो अर्धा सेकंद मोकळा ठेवा, संवाद त्यावर चढवू नका.

तपासा: हॉलच्या शेवटच्या खुर्च्यांमध्ये डाव्या आणि उजव्या टोकाला एकेक माणूस बसवा. पाच जागांपैकी एकही चेहरा दिसत नसेल तर आत्ताच हलवा. सुताराकडे मापं त्यानंतर.

## ६. उलटतपास: दहावी ते तिसावी संध्याकाळ

एकवीस दिवस इथे घालवायचे, आणि ते कमी पडतात.

उलटतपास सलग पाठ करू नका. त्याचे टप्पे पाडा. एका टप्प्यात एकच गोष्ट सिद्ध होते आणि तो सहसा चार ते आठ प्रश्नांचा असतो. प्रत्येक टप्प्याला एका शब्दाचं नाव द्या: गॅलरी, दिवा, चष्मा, भांडण. मग तालमीत "चष्म्यापासून घ्या" म्हटलं की सगळे तिथे.

टप्पे का, ते या तुकड्यावरून कळेल:

— जेवण झालं की तुम्ही गॅलरीत येता. रोज?
— होय.
— त्या रात्रीही आलात.
— होय.
— जिन्यावरचा दिवा तेव्हा चालू होता?
— होय.
— वाचायला चष्मा लागतो तुम्हाला?
— होय... वाचायला.

चार उत्तरं, चारही "होय" पासून. संपूर्ण साक्षीत असे अकरा-बारा "होय" असतात. वकिलाने तिसऱ्या "होय" नंतर नवव्याचा प्रश्न टाकला की दीड पान गळतं. त्यात नेमका तो दिवा गळतो ज्याच्यावर निकाल उभा आहे, आणि साक्षीदाराला कळतही नाही, कारण त्याचं उत्तर तरीही "होय" च असतं. कोर्टाच्या नाटकातले बहुतेक अपघात असे होतात. भाषण विसरलं तर प्रेक्षकाला दिसतं. उडी दिसत नाही, फक्त शेवट कळेनासा होतो.

उपाय तीन, आणि तिन्ही हवेत.

एक, प्रत्येक टप्प्याला वेगळी जागा किंवा वस्तू. "गॅलरी" टेबलाशी उभं राहून, "दिवा" नकाशा हातात घेऊन, "चष्मा" रिकाम्या हाताने आणि दोन पावलं पुढे. शरीर टप्पा लक्षात ठेवतं, जीभ घसरली तरी.

दोन, वकिलाची फाईल. नाटकात हातात कागद ठेवायची मुभा कोणाला मिळत नाही, वकिलाला मिळते. पण संवाद लिहून ठेवू नका; नट वाचायला लागतो आणि मान वर येत नाही. एका पानावर फक्त टप्प्यांची नावं, ठळक मार्करने, ओळीत सुटी. प्रत्येक टप्प्यापुढे निशाणीचा क्रमांक.

तीन, न्यायाधीशाची सुटकेची वाक्यं. न्यायाधीशापुढच्या वहीत पूर्ण संहिता ठेवा, ते शोभूनही दिसतं. उडी पडली की न्यायाधीशाने मध्ये पडायचं: "वकीलसाहेब, निशाणी १२ बद्दल तुम्ही काही विचारत होतात." निशाणी १२ म्हणजे "दिवा" हे सगळ्यांना पाठ. अशी चार वाक्यं आधी ठरवा. मग तालमीत दिग्दर्शकाने न सांगता मुद्दाम उड्या मारायला लावा आणि ती वापरून बघा. बाकीच्या नटांनी त्या वेळी दचकायचं नाही.

आता लय. वरच्या तुकड्यात शेवटच्या "होय" नंतरच्या टिंबांकडे बघा. पहिली तीन उत्तरं प्रश्न संपता संपता यावीत, चौथ्याला थांबा. अननुभवी नट प्रत्येक उत्तराआधी विचार केल्यासारखा थांबतो आणि मग खरा थांबा ओळखू येत नाही. एका साक्षीत दोन थांबे, जास्तीत जास्त तीन. वकिलानेही जिंकल्यावर प्रेक्षकांकडे वळून हसायचं नाही. खाली बसायचं.

जपा: हरकती ठरावीक आवाजात ओरडल्या जातात. हरकत प्रश्न संपायच्या आत, साक्षीदाराने तोंड उघडायच्या आधी यायला हवी. उत्तर देऊन झाल्यावर घेतलेली हरकत हास्यास्पद दिसते.

जपा: संबोधन एकच ठेवा. जिल्हा पातळीवर "सर" रुळलेलं आहे, "युअर ऑनर" ही चालतं. काही संहितांत "न्यायाधीश महाराज" असतं. एकाच वकिलाच्या तोंडी तिन्ही आली तर नट गडबडलाय असं वाटतं.

## ७. गप्प बसणारे: एकतिसावी ते पस्तिसावी

आरोपी, शिपाई, लघुलेखक, विरुद्ध बाजूचा वकील. दोन तास रंगमंचावर, संवाद मोजके. यांना "प्रतिक्रिया दे" असं सांगितलं की प्रत्येक वाक्यावर भुवया उडतात. आरोपीला अख्ख्या नाटकात सहा ते आठ ठिकाणं नेमून द्या जिथे तो हलतो. बाकी वेळ स्थिर. ती ठिकाणं साक्षीदारांच्या तक्त्यातल्या चौथ्या रकान्यावरून निवडा.

लघुलेखकाने खरोखर टाइप करायचं नाही, कळांचा आवाज संवाद खातो. शिपाई मात्र सोन्यासारखी जागा: चौथऱ्याशेजारी स्टुलावर बसलेला शिपाई हा रंगमंचावरचा प्रॉम्प्टर होऊ शकतो. पाठांतर पक्कं असलेला माणूस तिथे बसवा.

## ८. कागद, मुद्देमाल, कपडे

कागदाचा प्रवास पाठ करून घ्या: वकील, समोरचा वकील बघतो, शिपाई, न्यायाधीश, शिपाई, साक्षीदार. कुठलाही वकील पिंजऱ्यात थेट कागद खुपसत नाही. प्रत्येक निशाणीच्या दोन प्रती ठेवा आणि कोऱ्या कागदावर काम करू नका. नटाच्या नजरेला खोटं कळतं. मुद्देमालाची पिशवी खाकी कापडाची, लाखेचं सील, चिठ्ठी. सुरा वापरणार असाल तर धार पूर्ण घासून टाकलेला, आणि प्रयोगाआधी एकाच माणसाच्या ताब्यात.

सत्र न्यायालयात वकिलांना काळा कोट आणि पांढरा बँड लागतो. गाऊन सर्वोच्च आणि उच्च न्यायालयातच सक्तीचा, त्यामुळे इथे दोघांपैकी एकाच वकिलाला गाऊन दिला तरी चालेल, आणि फरक दिसतो. पांढरा बँड दिव्याखाली चमकून हनुवटी खातो. फिक्या चहाच्या पाण्यातून एकदा काढून वाळवा. कोट रंगीत तालमीच्या दिवशी नव्हे, तिसाव्या संध्याकाळपासून घाला. खांद्यात घट्ट कोट हात वर जाऊ देत नाही.

## ९. प्रकाश आणि आवाज

काळ्या पडद्यापुढे काळा कोट म्हणजे तरंगणारी डोकी. मागचे फ्लॅट (सेटच्या भिंती) मळकट पिवळे किंवा फिकट करडे रंगवा आणि पाठीमागून दोन दिवे खांद्यांवर द्या. बाकी सरसकट पांढरा उजेड. भाषण आलं की बाकी अंधार आणि एकावर स्पॉट, हे नको. ऐकणारे दिसलेच पाहिजेत.

लेव्हल पोकळ असते, पाऊल पडलं की ढोल वाजतो. आतून जुनं सतरंजीचं कापड भरा, वरून जाजम ठोका. पुकारा ध्वनिमुद्रित नको. विंगेतून जिवंत माणसाने द्यावा, तीनदा, तिसऱ्यांदा थोडा कंटाळून.

## १०. रंगीत तालीम आणि प्रयोगाचा दिवस

दोन रंगीत तालमी करा. पहिली न थांबता. दुसरीत दिग्दर्शकाने दोन ठिकाणी मुद्दाम निशाणी गायब करावी आणि कोण कसं सावरतो ते बघावं. दोन्हींची वेळ घड्याळाने मोजा. पहिल्या अंकापेक्षा दुसरा लांब असेल तर उलटतपासातला एक टप्पा काढा, भाषणातली चार वाक्यं नव्हेत.

प्रयोगाच्या दिवशी सेट तीन तास आधी उभा. पिंजऱ्याच्या कठड्यावर जड माणसाने रेलून बघावं, डगमगला तर लेव्हलला क्लॅम्प. पहिल्या घंटेला निशाण्या क्रमाने मोजून टेबलावर, दुसऱ्या घंटेला मुद्देमाल शिपायाच्या ताब्यात, तिसऱ्या घंटेआधी न्यायाधीशाच्या वहीतलं पहिलं पान उघडलेलं.

पडदा पडल्यावर, मेकअप उतरवायच्या आधी, निशाण्या पुन्हा मोजून क्रमांकाच्या पाकिटात घाला. एखादी कोटाच्या आतल्या खिशात राहते, कोट भाड्याच्या दुकानात परत जातो, आणि पुढच्या प्रयोगाला शिपाई न्यायाधीशापुढे रिकामा हात करून उभा राहतो.